डब्यात काय होतं

मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाई बिचारी सोसत होती आणि शेवटी देवानं न्याय केला. देवाला त्या वर्षी आमचं सोयाबीन भिजवण्यातून सवडच नव्हती. जे केलं ते मी केलं, आणि करताना मला जो आनंद झाला तो खरं सांगते, माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तो माणूस म्हणजे आमचे सर. शहरातले. मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. पाहिलं ते मोबाईलच्या काचेत, पाठीमागे पुस्तकांचं कपाट, गळ्यात हेडफोनची वायर. तोंडावर मी त्यांना अहोजाहो करत होते. मनातल्या मनात मात्र एकेरी, आणि कधी कधी त्याच्याही खाली.

लग्न होऊन मी रिठदला आले तेव्हा पदवी झालेली होती. मास्तरीण व्हायचं वेड लहानपणापासूनचं. शेलूबाजारच्या एका शाळेत जागा होती. तिथले लोक म्हणाले, शिक्षकाचा कोर्स पूर्ण करून या, जागा तुमची. कोर्स घरबसल्या होता, ऑनलाइन. घरबसल्या हा शब्द ज्यानं काढला त्याला माझं घर दाखवायला पाहिजे. पण ते असो. माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, चुलीपुढं बसूनच निकाल दिला.

"एक साल. एका सालात झालं तं झालं. नाई तं तो मोबाईल मी पेटीत घालीन, अन् तू न् मी दोघी निंदाले जाऊ."

आत्या बोलली की बोलली. दगडावरची रेघ. नवऱ्याचं म्हणाल तर तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता आणि माझ्याही नव्हता, त्यामुळे दोघींच्या मध्ये तो बहुतेक वेळ ट्रॅक्टरखाली पाना घेऊन आडवा असायचा. तेव्हा माझ्याकडे एक वर्ष होतं. ते हुकलं की शाळा हुकली, आणि नुसती शाळा नाही, माझं सगळंच.

कोर्सचे नियम सरांनी पहिल्या दिवशी वाचून दाखवले. वर्ग दुपारी बारा वाजता. हजेरी लागणार. 'संवाद' नावाचे वेगळे गुण, म्हणजे वर्गात बोलायचं, उत्तरं द्यायची, प्रश्न विचारायचे. जो बोलणार नाही त्याचं नाव कमी होणार. आणि शेवटी प्रत्येकानं एक सराव पाठ घ्यायचा. तो झाला तरच परीक्षा. "संवाद हा शिक्षणाचा प्राण आहे," असं ते म्हणाले. मग विचारलं, "वेळेबद्दल कुणाला काही अडचण?" आणि कोणाचं बोट माईकच्या बटनापर्यंत पोचायच्या आत, "नाही ना? छान."

दुपारी बारा! आमच्याकडे त्या वेळेला घरात कोण असतं? मांजर. बाकी सगळं गाव वावरात. आणि घरात असून तरी काय उपयोग, आमच्या आळीत रेंज येते ती पाहुण्यासारखी, टेकते न टेकते तोच उठते. वावरात मात्र, रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं हाकलायला चार बल्ल्यांवर बांधलेला माळा आहे, त्यावर चढलं की रेंज फुल. मग मी काय केलं, सकाळपासून आत्यासंगं निंदण करायचं, बारा वाजायला आले की विळा खाली टाकून माळ्यावर चढायचं, आणि वर्ग संपला की पुन्हा निंदणाचं तास धरायचं. दुपारचं जेवणही तिथंच. जेवण कसलं, पदराच्या गाठीत बांधून नेलेला खाऊ, वर्ग चालू असताना तोंडात टाकायचा. तो काय होता ते मी सांगणार नाही. काहून ते पुढं कळेल.

त्या वर्गात माझ्यासारखी आणखी एक होती. तिनं पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर लिहिलं, "वाशीम जिल्ह्यातलं कोणी हाये का?" मी लिहिलं, "मी हाये, रिठदची." ती कारंज्याची. तिथं एका कापडाच्या दुकानात कामाला होती. दुपारी बारा म्हणजे खेड्यापाड्यांच्या एसट्या येऊन दुकान भरायची वेळ. मालकाच्या हातापाया पडून ती तेवढा वेळ मागच्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसायची. मी माळ्यावर, ती गठ्ठ्यांमागे. वर्ग संपला की तिचा फोन यायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं.

"बोलू देल्लं का व त्यानं?"

"नाई. तुले?"

"मले कायचं देते!"

बोलायचं असेल तर मोबाईलवर हात वर करायचं एक चित्र असतं. ते दाबलं की आपल्या चौकोनावर पिवळा हात उगवतो. आम्ही दोघी वर्ग सुरू झाला की पहिलं काम तेच करायचो. वर्ग संपेपर्यंत हात तसाच. सर शहरातल्या पाच-सहा जणांशी गप्पा मारायचे, नावानिशी, हसत-खिदळत. त्यांचे हात वर नसले तरी. तुम्ही म्हणाल, दिसला नसेल हात. दिसत होता हो! एकदा चक्क म्हणाले, "कुणाकुणाचे हात वर राहिलेत, खाली घ्या बरं, डिस्टर्ब होतं." आणि घड्याळाकडे बघून, "वेळ संपली. भेटू." त्यांचं हे ठरलेलं. वेळ संपली, भेटू. जणू आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलेले बहुरूपी.

फोनवर आम्ही त्यांची नक्कल करायचो. मी माझी गाठ सोडून खात खात बोलायचे, ती गिऱ्हाईक आलं की मध्येच "या काकू, बसा" म्हणायची. तो कोर्स मी खरं तर तिच्याबरोबर केला. त्यांनी जे शिकवलं ते आम्ही एकमेकींना पुन्हा सांगायचो, प्रश्न विचारायचो, भांडायचो. संवाद की काय म्हणतात तो हाच असेल, तर आमच्यात रोज होत होता. फक्त त्याचे गुण कोणी देत नव्हतं.

भादव्यात एक दिवस सरांनी चक्क माझं नाव घेतलं. चुकून घेतलं असावं. प्रश्न सोपा होता आणि उत्तर मला पाठ होतं. मी बटन दाबलं आणि बोलायला तोंड उघडलं, तोच शेजारच्या वावरात हडंबा सुरू झाला. हडंबा म्हणजे सोयाबीन काढायचं मशीन. तो लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. शेजाऱ्यानं लवकरचं सोयाबीन काढायला घेतलं होतं, त्याचा काय दोष? मी ओरडून उत्तर दिलं. बरोबर दिलं.

"अहो काय गोंगाट आहे हा! बाजारात बसलात का?" सर म्हणाले आणि त्यांनी माझा आवाज बंद केला. मी बोलतच होते, माझे ओठ हलताना मलाच दिसत होते. मग ते सगळ्या वर्गाला म्हणाले, "गावाकडच्या मंडळींनी शक्यतो ऐकण्याचंच काम करावं." कोणी तरी हसण्याचं चित्र टाकलं. मग दुसऱ्यानं. मग काचेवर हसरी तोंडं अशी वर वर उडत गेली की जसे काही फुगे सोडलेत.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती माळ्यावर बसून जात असेल तर आणखी लवकर जाते. मी खाली उतरले. आत्यानं तोंडाकडे पाहून विचारलं, "काय झालं व?" विळा असा चालवला की तणासंगं तुरीची दोन झाडंही गेली. आत्यानं तेही पाहिलं आणि नवल म्हणजे ती झाडं उचलून बाजूला टाकली.

तरी हे मी गिळलं असतं. वर्ष महत्त्वाचं होतं. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत कारंजेवालीचं नाव वर्गातून कमी झालं. कारण काय लिहिलं होतं? 'संवादात सहभाग नाही.'

तिचा फोन आला तेव्हा मी घरात होते, रेंज तुटत होती, म्हणून धावत गच्चीवर गेले. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणत होती, "माहा हात वर होता न व? तूनं पाह्यला न?"

"पाह्यला. रोज पाह्यला."

"मंग?"

मंग काय? मी ग्रुपवर लिहिलं की सर, हे चूक आहे, तिचा हात रोज वर असायचा, तुम्हीच तिला कधी बोलू दिलं नाही. वर्गातल्या कोणाचंही बोट हललं नाही. सरांचं उत्तर आलं, 'नियम सर्वांना समान आहेत.' त्याच क्षणी मी माझ्या आईची शपथ घेतली. पैगंबरवासी, स्वर्गवासी, गाववासी जेवढे म्हणून कोणी ऐकत असतील त्यांना सांगितलं, की या माणसाला मी सोडणार नाही. थांब लेका. तुझाही हात मी वर ठेवून दाखवीन.

बोलणं सोपं. पण माळ्यावरची बाई शहरातल्या माणसाचं काय वाकडं करणार? त्याच्या दारात जाऊन बोंब मारायची म्हटलं तर दार कोठं आहे तेही माहीत नाही. मग एका दुपारी सराव पाठाचे नियम पुन्हा वाचताना मला ते सापडलं. पाठ घेताना वर्गाची सगळी सूत्रं पाठ घेणाऱ्याकडे राहतील. होस्ट तोच. कोणाला बोलू द्यायचं, कोणाचा आवाज बंद करायचा, वर्ग कधी संपवायचा, सगळं त्याच्या हातात. आणि सर? 'मार्गदर्शक त्या वेळी विद्यार्थ्याच्या भूमिकेत राहतील.' मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की तोंडाला पाणी सुटलं.

माझा बेत साधा होता. वर्ग सुरू झाला की सरांना बोलू द्यायचं, ते अर्ध्या वाक्यात आले की आवाज बंद करायचा आणि म्हणायचं, "शहराकडच्या मंडळींनी शक्यतो ऐकण्याचंच काम करावं." मी त्याची तालीम केली. समोर वावराच्या धुऱ्यावर एक रोही उभं होतं, त्यालाच म्हणून पाहिलं. ते पळून गेलं.

मागून आत्याचा आवाज आला, "अन् मार्क कोन देते?"

"सर."

"मंग त्याच्या तोंडात बोळा कोंबून त्यालेच मार्क मांगशीन का? येडी कुठली. साप बी मराव अन् काठी बी मोडू नये, असं पाह्य काही."

आत्यानं माझी बाजू घेतली असं समजू नका. तिला फक्त मूर्खपणाचा राग येतो.

मग पाठांच्या वेळा जाहीर झाल्या. शहरातल्यांना सकाळच्या, दुपारच्या, त्यांना जशा पाहिजे तशा. मला? कोजागिरीच्या दिवशी, दिवेलागणीला. ग्रुपवर बोलल्याचं बक्षीस. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघर भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसते. संध्याकाळी आळीतल्या पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात, आणि शेवटी बंद डबा वाजवून त्यातला खाऊ ओळखतात. कोजागिरी हा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी सगळ्या आळीच्या पोरी आमच्या अंगणात. मी सरांना फोन केला. पहिल्यांदाच उचलला.

"सर, त्या दिवशी आमच्याकडे घर भरलेलं राहते, गाणी राहतात, तुम्हीच मागं म्हणालात गोंगाट..."

"हे बघा, सण सगळ्यांनाच असतात. शिकायचं असेल तर माणूस वेळ काढतो आणि शांत जागाही शोधतो. वेळ बदलून मिळणार नाही. पाठ झाला नाही तर वर्ष गेलं म्हणून समजा."

वावरातला माळा अंधार पडल्यावर कामाचा नाही, डुकरांची वाट तिथूनच जाते. त्या दिवशी भरलं घर सोडून सुनेला गावाबाहेर जाता येत नाही, आणि गावात शांत जागा म्हणाल तर एक मसणवट. मी आत्याकडे गेले. म्हटलं, आत्या, यंदा पोरींना दुसऱ्या अंगणात पाठवू. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू भुलाबाईलाच घराबाहेर काढायला निघाले.

"तुह्या सरानं तुले म्यूट केलं, आता तू भुलाबाईले म्यूट कर! हे बरं हाये." रोज माझी रडगाणी ऐकून तिला सगळे शब्द पाठ झाले होते. "पोट्ट्या येतीन अन् गानी बी म्हनतीन. तुले शिकवाचं असंन तं त्यायच्यात बसून शिकव."

रागानं बोलली ती, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रात्रभर मी हसत होते म्हणे, नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, बरी आहेस ना?

कोजागिरीला अंगण सारवलं. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, समोर ज्वारीची धाटं बांधून केलेलं मखर. मोबाईल तुळशीच्या ओट्यावर वीट लावून उभा केला. चार्जरची वायर खिडकीतून ओढली, आणि रेंजसाठी नवऱ्याचा मोबाईल गच्चीवर काठीला बांधून त्याचं नेट घेतलं. पोरींना सांगून ठेवलं, तुम्ही रोजच्यासारखंच करा, फक्त खाऊ ओळखायचा नाही, कारण आज तुम्ही खाऊवाल्या. डब्यात काय आहे ते त्यांना दाखवलं आणि भुलाबाईच्या गळ्याची शपथ घातली.

वेळ झाली. वर्गाचे चौकोन एकेक उजळले. सरांनी सूत्रं माझ्याकडे दिली आणि पोरींनी टिपऱ्यांवर गाणं उचललं. काय आवाज लावला बाप्पा पोट्ट्यांनी! त्यापुढं हडंबा म्हणजे अगदी गरीब गाय.

"मॅडम, हा काय गोंगाट..." सर सुरू झाले.

मी हात जोडले. "सर, आज तुम्ही विद्यार्थी आहात. बोलायचं असेल तर हात वर करा."

वर्गात कोणी तरी फस्सकन हसलं. सरांना पर्याय नव्हता, नियम त्यांचाच. त्यांच्या चौकोनावर पिवळा हात उगवला. महिनाभर मी ज्या हाताची स्वप्नं पाहिली तो हात! दृष्ट काढावी असं वाटलं.

मी म्हटलं, "तिसरीच्या मुलांचा पाठ. विषय, आवाजावरून ओळखा. डब्यात खाऊ आहे. आम्ही वाजवतो, तुम्ही ओळखा. ओळखता आलं नाही तर हरलो म्हणायचं. त्याशिवाय डबा उघडत नाही, अशी रीत आहे." आणि डबा मोबाईलजवळ नेऊन वाजवला.

मग नागपूरकडची एक जण भीतभीत म्हणाली, "शेंगदाणे?" अंगणातून सगळ्या पोरी एका सुरात, "नाईऽऽऽ!" दुसरा म्हणाला फुटाणे. नाईऽऽऽ! बत्तासे? नाईऽऽऽ! "ओला का कोरडा ते तरी सांगा," एकानं विचारलं. "गोड आहे का?" "पुन्हा वाजवा, हळू वाजवा!" वर्षभरात ज्यांची तोंडं पाहिली नव्हती त्यांचे कॅमेरे उघडले. कोणाची आई चौकोनात आली, कोणाची लेकरं एकमेकांच्या डोक्यावरून वाकली. एका मास्तराची म्हातारी आजी कानाला हात लावून ऐकत होती आणि "अगं आमच्यातही होतं हे" म्हणून डोळे पुसत होती. मी एकेकाचं नाव घेत होते. ज्याचा हात वर, त्याला बोलू देत होते. सगळ्यांना. एकाला सोडून.

सरांचा हात वरच होता. मला दिसत होता. मी चारदा त्यांच्या चौकोनावर नजर ठेवून पुढच्याचं नाव घेतलं. ते खुर्चीत पुढं सरकले होते, हेडफोन कानावर दाबून धरला होता, ओठ हलत होते, पण आवाज माझ्याकडून बंद. असा गोड देखावा मी जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी मी म्हटलं, "सर, बोला."

"खडीसाखर!" एका दमात. लहान पोरासारखं.

"नाईऽऽऽ!"

"खारीक? नाही नाही, थांबा, लाह्या? एकदा, एकदा पुन्हा वाजवा ना."

"नाईऽऽऽ! हरले म्हना! हरले म्हना!" पोरींनी टाळ्यांवर ठेका धरला. सर हसायला लागले. खरंच हसले. कपाळावर हात मारून म्हणाले, "बरं बाबा, हरलो. मी हरलो. उघडा आता."

सगळा वर्ग डोळे ताणून बसला. माझा हात झाकणावर. आणि सरांचं ते हसणारं तोंड पाहून माझा जीव क्षणभर पाघळला, खोटं कशाला बोलू? वाटलं, माणूस तसा वाईट नाही. मग साड्यांच्या गठ्ठ्यांमागं बसलेली ती डोळ्यांपुढं आली. माहा हात वर होता न व?

मी डबा बाजूला ठेवला. सर बोलतात तसंच घड्याळाकडे पाहिलं.

"वेळ संपली," मी म्हटलं. "भेटू."

आणि वर्ग बंद केला.

अंगणात पोरी ओरडल्या. आत्यानं विचारलं, "काहून बंद केलं व? मार्क?" मार्कांचं काय होणार ते मला कुठं ठाऊक होतं? पोरींना खाऊ वाटला, मूठभर डब्यात राखला, चांदण्यात दूध ठेवलं आणि मोबाईल पाहिला तर ग्रुप नुसता पेटलेला. डब्यात काय होतं? डब्यात काय होतं? माझ्या घरी भांडण लागलंय, सांगा. ज्या ग्रुपवर कारंजेवालीसाठी एक बोट हललं नव्हतं, तिथं आता बोटं थांबत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांचाच फोन आला. आवाज कोरडा. "तुमच्या पाठाचा समारोप झालेला नाही. समारोपाशिवाय गुण देता येत नाहीत. उत्तर सांगा, म्हणजे मी नोंद करतो."

"फोनवर नाही सर. वर्गातच समारोप करीन."

मग, "ठीक आहे. कधी घेऊ सत्र?"

कधी घेऊ! ते दोन शब्द ऐकायला कारंजेवाली असायला पाहिजे होती. मी म्हटलं, "संध्याकाळी आठला. तेव्हा वावरातली माणसं घरी असतात आणि दुकानं बंद होतात. पुढंही तीच वेळ ठेवा."

आठ वाजता सगळा वर्ग हजर. एकही चौकोन काळा नाही. मी वेळेआधीच गावाबाहेर रस्त्याच्या पुलावर जाऊन बसले होते, तिथं रेंज पक्की आहे, नवरा मोटारसायकलचा दिवा लावून शेजारी उभा. सरांनी सूत्रं माझ्याकडे दिली. मी डबा वाजवला. सगळ्यांनी पुन्हा हरलो म्हणून घेतलं, सरांनी सगळ्यांत आधी.

"उघडते," मी म्हटलं. "पण भुलाबाईत सगळ्या पोरी आल्याशिवाय डबा उघडत नाहीत. आणि इथं एक जण कमी आहे."

सरांना कळलं. चेहऱ्यावरून सर्रकन सगळं उतरलं. "मॅडम, तो विषय वेगळा आहे."

"तिचा हात रोज वर होता सर. तुम्हाला दिसत होता. काल तुमचा मला दिसत होता तसाच. तिला वर्गात घ्या, मी उघडते."

"ते आता शक्य नाही. नाव कमी झालं की झालं. मुदत गेली."

"मग डब्याचीही मुदत गेली," मी म्हटलं. माझं वर्ष, शेलूबाजारची शाळा, आत्याची पेटी, सगळं त्या डब्याच्या झाकणावर होतं आणि मी ते झाकण दाबून धरलं होतं. "माझ्या पाठाचा समारोप हाच. वर्गातला एक जण बाहेर ठेवून उत्तर सांगायचं नसतं. आता गुण द्या नाही तर देऊ नका."

मग नागपूरकडची ती बाई, तिचं नावही मला नीट येत नाही, ती म्हणाली, "सर, द्या हो त्यांना गुण. वर्षभरात पहिल्यांदा आम्ही सगळे बोललो." मग आजीवाला मास्तर म्हणाला. मग एकेक करून सगळे. सगळ्या सत्राचं रेकॉर्डिंग होतं, तेही नियमानंच. सरांनी यादी उघडली आणि गुण सांगितले. संवादाचे पूर्ण.

मी पास झाले. आज शेलूबाजारच्या त्या शाळेत शिकवते, जीपनं जाते-येते. वर्ग आठलाच झाले शेवटपर्यंत. सरांचा अजूनही कोजागिरीला निरोप येतो. शुभेच्छा, आणि खाली एक ओळ, 'डब्यात काय होतं ते आता तरी सांगा.' मी निरोप उघडते, त्यांना निळ्या खुणा दिसू देते, आणि उत्तर देत नाही. तुम्हालाही सांगत नाही. तुमचं काही चुकलं नाही, पण सर वाचत असतील.

अंगणातल्या पोरी सोडल्या तर एकीला मात्र ठाऊक आहे. त्या संध्याकाळी पुलावरून उठत होते तोच तिचा फोन आला.

"बोलू देल्लं का व त्यानं?"

"आज मीनं त्याले बोलू देल्लं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माह्यासाठी तुहं साल कायले डावावर लावलं येडे? माहं तं गेलंच होतं." ते खरंच होतं. तिचं गेलं ते गेलंच. तिनं पुन्हा नाव घातलं नाही, आजही ती त्याच दुकानात आहे.

"बरं, वाजव," ती म्हणाली.

मी डबा फोनजवळ नेऊन वाजवला. एकदाच. तिनं लगेच सांगितलं. बरोबर सांगितलं.

"कसं ओळखलं व?"

"सालभर आयकलं नाई का तुले," ती म्हणाली, "खाता खाता बोलताना."